कानावर बसणारा हलका हेडफोन कसा पारखावा

माझं काम ऐकण्याचं आहे. संशोधकांनी रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून मी त्या शब्दन्‌शब्द लिहून काढते. रोज पाच-साडेपाच तास डोक्यावर हेडफोन आणि नाकावर चष्मा. बोलणारी माणसं कधी चंदगडची, कधी शिरोळची, कधी गगनबावड्याची. एखादा शब्द निसटला की मागे जाऊन पुन्हा ऐकावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी राजारामपुरीतल्या एका दुकानात मी जेमतेम दोन मिनिटं ऐकून एक हेडफोन घेतला. "ताई, बेस बघा की कसा आहे!" दुकानदार म्हणाला, आणि बेस खरंच दणदणीत होता. पहिल्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराला उजव्या कानावर, चष्म्याची काडी जिथून जाते नेमकं तिथं, ठणका लागला. आरशात पाहिलं तर कानाची वरची कड लालभडक आणि काडीचा खोल वळ उठलेला. मग आठवडाभर मी तो हेडफोन बोटभर मागं सरकवून वापरला. दुखणं कमी झालं, पण मुलाखतीतले 'स' आणि 'च' अंधुक झाले. हेडफोन तोच, मुलाखत तीच, फक्त जागा बदलली आणि आवाज बदलला.

कानावर बसणाऱ्या हेडफोनची सगळी मेख इथं आहे. गादी कानावर कुठं टेकते आणि किती दाबते, यावर त्याचा आवाज ठरतो. म्हणून माझा क्रम असा: आधी बैठक, मग आवाज, मग पुन्हा बैठक. दुकानात हा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो आणि तिसरा भाग राहूनच जातो.

घेण्याआधी: उघडा की बंद

हलक्या ऑन-इअर हेडफोनचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक स्पंजच्या गादीचा, मागून उघडा. 1979 साली सोनीचा पहिला वॉकमन आला, त्यासोबत असाच अगदी हलका हेडफोन होता. कॉसचा 1984 सालचा पोर्टा प्रो त्याच जातीचा, आणि तो आजही बनतो. असे हेडफोन साधारण शंभर ग्रॅमच्या आत असतात. आवाज मोकळा आणि हवेशीर. पण बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आतलं गाणं बाहेर जातं.

दुसरा प्रकार कृत्रिम चामड्याच्या गादीचा, मागून बंद, बहुतेक वेळा ब्लूटूथचा. बॅटरी आणि सर्किट आत असल्यामुळे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास जातं. बाहेरचा आवाज थोडा अडतो, बेस जास्त मिळतो. पण तो बेस गादी कानाला नीट चिकटली तरच. जरा फट पडली की गेला.

घरात शांत खोलीत ऐकणार असाल तर उघडा घ्या. घरातल्यांशेजारी बसून किंवा प्रवासात ऐकायचं असेल तर बंद. हे आधी ठरवलं नाही तर दुकानात दोन्ही ऐकून गोंधळ होतो, कारण ऐकताक्षणी बंदवाला जवळजवळ नेहमीच 'भारी' वाटतो.

पहिली बैठक: वजनापेक्षा दाब

खोक्यावरचं वजन पुष्कळदा वायर सोडून लिहिलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तोलून बघा. मी माझा सध्याचा हेडफोन गुजरीतल्या ओळखीच्या सराफांकडं तोलला होता. त्यांना गंमत वाटली, मला आकडा मिळाला. पण वजन ही अर्धीच गोष्ट. हलक्या हेडफोनला डोक्यावर टिकून राहायला स्वतःचं वजन पुरत नाही, म्हणून तो दोन्ही बाजूंनी चिमटा घेऊन बसतो. साठ ग्रॅमचा घट्ट हेडफोन दीडशे ग्रॅमच्या सैल हेडफोनपेक्षा जास्त दुखवू शकतो.

घातल्यावर या गोष्टी बघा. अजून गाणं लावायचं नाही.

तर्जनी गादीखाली चार ठिकाणी सरकवा: वर, पुढं, मागं आणि पाळीपाशी. चारही ठिकाणी सारखाच अडथळा लागायला हवा. बहुतेकांना वरच्या बाजूला घट्ट आणि पाळीपाशी सैल लागतं, कारण डोकं खाली जबड्याकडं निमुळतं होत जातं. वाटी, म्हणजे गादी जिच्यावर बसवलेली असते ती, स्वतःभोवती थोडी वळणारी असेल तर ती या उताराशी जुळवून घेते. वाटी ताठ जोडलेली असेल तर सगळा भार कानाच्या वरच्या कडेवर येतो. तिथं नुसती कूर्चा असते, मांस नाही, त्यामुळं आधी दुखतं तेच. वाटी वळते का, हे मी किमतीच्याही आधी बघते.

मग मान खाली घाला, चपलेचा अंगठा नीट करताना घालतो तशी. हेडफोन पुढं घसरला तर तो सैल आहे, आणि सैल असला तर पुढं आवाजाची परीक्षा घेऊन उपयोग नाही. मान नकारार्थी दोनदा हलवा. गादी जागची हलता कामा नये.

चष्मा असेल तर आधी चष्मा, मग हेडफोन, असं घातलं की काडी कानामागच्या हाडावर दाबली जाते. उलटं करून बघा: आधी हेडफोन, मग काडी गादीच्या वरून अलगद सरकवा. तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. जाड प्लास्टिकच्या काड्यांना मात्र हा उपाय चालत नाही.

बायकांसाठी आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. कानात कुडी किंवा टॉप्स असतील तर मागची फिरकी गादीच्या दाबानं मानेकडच्या हाडात रुतते. दुकानात कळत नाही, अर्ध्या तासानं कळतं. तुम्ही रोज जे घालता तेच घालून हेडफोन पारखा. केसांचंही तसंच: आंबाडा हेडफोनच्या डोक्यावरच्या पट्टीच्या आड येत असेल तर पट्टी पुढं सरकते, गाद्या खाली घसरतात आणि आवाज पातळ होतो.

नवी कोल्हापुरी आठ-दहा दिवस चावते, मग तेल पाणी लागून पायाशी जुळते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. हाच भरवसा हेडफोनवर ठेवू नका. गादी थोडी मऊ होते हे खरं, पण पट्टीचा चिमटा आपणहून फारसा सैल होत नाही. धातूची पट्टी असेल तर डोक्यापेक्षा किंचित रुंद अशा पुस्तकांच्या थप्पीवर रात्रभर ताणून ठेवता येते. एका रात्रीत पुरत नाही, चार-पाच रात्री थोडंथोडं करावं लागतं. प्लास्टिकची पट्टी ताणू नका, तडकते.

आवाजाची तयारी

फोनमधलं इक्वलायझर, डॉल्बी, बेस बूस्ट, जे काही असेल ते बंद करा. गाण्याच्या अ‍ॅपमध्ये सगळी गाणी एका पातळीवर आणण्याची सोय असेल तर ती चालू करा. डाउनलोडचा दर्जा वरचा निवडा.

दोन हेडफोन तुलनेला घेतले असतील तर सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे दोघांचा आवाज सारख्या पातळीवर आणणं. जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला जास्त चांगला वाटतो. इतका किंचित की 'हा मोठा आहे' असं जाणवतही नाही, फक्त 'हा छान आहे' एवढंच वाटतं. यामागं कानाचा स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी 1933 साली दाखवून दिलं की आवाज लहान असताना कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणजे व्हॉल्यूम एक पायरी वर गेला तरी बेस वाढल्याचा भास होतो. एका माणसाच्या बोलण्याचा एकच तुकडा दोन्हीवर लावा, बोलणारा तितकाच जवळ वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळवा, आणि मगच गाणी लावा.

काय ऐकायचं

परदेशी यादीतली गाणी लावून आपल्याला काही कळत नाही, कारण ते वाद्य समोर बसून आपण कधी ऐकलेलं नसतं. कान ज्या आवाजाला प्रत्यक्ष भेटलाय तोच आवाज परीक्षेला घ्यावा. कोल्हापुरात याची वाण नाही.

पहिलं म्हणजे *बोलणं*. रेडिओवरच्या मराठी बातम्या घ्या, पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजातल्या. 'श', 'स', 'च', 'छ' ही अक्षरं ऐका. 'स' सुईसारखा टोचत असेल तर हेडफोन साधारण 5 ते 8 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात जास्त तीक्ष्ण आहे. तासाभरात कान शिणतील. 'स' आणि 'श' यांच्यातला फरकच पुसट होत असेल तर तिथं कमी पडतोय. पुरुषाचा आवाज रांजणात बोलल्यासारखा येत असेल तर खालचा मधला पट्टा फुगलेला आहे. पाच मिनिटांच्या बातम्या मला गाण्यापेक्षा जास्त सांगतात.

दुसरा *तंबोरा*. यासाठी मी सगळ्यात जास्त वेळ देते. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी या गावात राहिले. जयपूर घराण्याची गायकी इथं रुजली. देवल क्लबात पुढच्या रांगेत बसून ज्यानं दोन तंबोऱ्यांमधला तो भरलेला सूर ऐकलाय, त्याच्याकडं हेडफोन मोजायची पट्टी घरचीच आहे. मैफलीच्या रेकॉर्डिंगची पहिली दोन मिनिटं घ्या, गायकानं षड्ज लावायच्या आधीची. पुरुष गायकाचा सूर काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) असेल तर षड्ज साधारण 139 हर्ट्झवर येतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 हर्ट्झच्या आसपास. बाई काळी चारमध्ये गात असेल तर षड्ज 208 च्या आसपास आणि खर्ज 104 वर. छोट्या हेडफोनची खरी कसोटी पुरुषाच्या खर्जावर लागते. तार छेडल्याचं तुम्हाला कळतं ते तिच्या वरच्या स्वरांशांमुळं, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या बारीक उंच सुरांमुळं. मूळ सूर हेडफोननं गाळला तरी मेंदू तो भरून काढतो. म्हणून 'खर्ज ऐकू येतो का' असं विचारू नका. त्या सुराला वजन आहे का, तो खाली जमिनीला टेकतो का, असं विचारा.

मग जवारी ऐका. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा नीट बसला की सुरातून जी मधमाश्यांसारखी गुणगुण उमलते, ती हळूहळू खुलत जाते आणि विरते. चांगल्या हेडफोनवर ती सरकताना कळते. कमअस्सल हेडफोनवर सगळा तंबोरा एकच घरघर होतो. मी पहिल्या हेडफोनवर याच जागी फसले होते: बेस भरपूर होता, म्हणून मला वाटलं तंबोरा भरलेला आहे. प्रत्यक्षात ती नुसती सूज होती.

इथं जुन्या तबकड्यांबद्दल एक सूचना. 1925 च्या आधीची रेकॉर्डिंग मायक्रोफोनशिवाय, भोंग्यापुढं गाऊन केलेली आहेत. त्यांत खालचेही सूर नाहीत आणि अगदी वरचेही नाहीत. त्या जरूर ऐका, पण त्यांवरून हेडफोनला नापास करू नका.

तिसरं *हलगी*. खासबागेत कुस्तीला वाजणारी हलगी ज्यानं ऐकलीय, त्याला काडीचा तो कोरडा फटका माहीत आहे. तो फटका जितक्या झटकन येतो तितक्याच झटकन संपायला हवा. हलक्या ड्रायव्हरचं, म्हणजे वाटीतल्या आवाज काढणाऱ्या भागाचं, हे बलस्थान असतं, आणि चांगले उघडे हेडफोन इथं मोठ्या हेडफोनलाही मागं टाकतात. फटक्यामागं शेपूट लांबत असेल तर बंद वाटीतला आवाज घुमतोय. डग्ग्याचा घुमारा आणि तबल्याची चाट एकत्र ऐका: घुमाऱ्यानं चाट झाकली जाता कामा नये.

शेवटी टाळांचं भजन. वीस टाळ एकदम वाजताना ते वीस वाटतात की पत्र्यावर पडणारा पाऊस वाटतो, एवढंच बघा.

तीन छोट्या तपासण्या

ऐकत असताना दोन्ही वाट्या तळव्यांनी हलकेच दाबा. बेस एकदम उसळून वर आला तर ती गादी तुमच्या कानाला नीट मिळत नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर तोच हेडफोन चांगला वाजू शकतो, तुमच्या नाही. थोडासा फरक सगळ्यांतच पडतो. स्पंजच्या गादीत तर पडतोच.

दुसरी: फोनवर सूर काढणारं एखादं मोफत अ‍ॅप घ्या आणि मध्यम आवाजात 30 पासून 200 हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा. कुठंही खरखर किंवा पत्र्याची थरथर ऐकू येऊ नये. आली तर लगेच दोष देऊ नका, आधी स्पंज काढून बघा. माझ्या हेडफोनमध्ये एकदा पडद्यावर माझाच एक केस अडकला होता; चिमट्यानं काढला आणि खरखर गेली.

तिसरी तपासणी आमच्या घरात नुसत्या हेडफोनपुरती राहिली नाही. बोलण्याचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये यायला हवा. तो एका बाजूला झुकत असेल तर हेडफोन उलटा घाला, डावी वाटी उजव्या कानावर. झुकाव बाजू बदलून गेला तर दोष हेडफोनचा. झुकाव जिथल्या तिथं राहिला तर हेडफोन निर्दोष आहे. बाबांना मी नवा हेडफोन दिला तेव्हा ते म्हणाले, "अगं, हा डावीकडंच वाजतोय, परत कर." उलटा घातला तरी त्यांना डावीकडंच. मी ऐकला तर अगदी मध्ये. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. उजव्या कानात मळाचा घट्ट गोळा होता. तो निघाल्यावर दवाखान्याच्या पायरीवरच बाबांनी पुन्हा हेडफोन घातला आणि हात वर करून, दोन्ही कानांच्या बरोबर मध्ये, टाळूवर बोट ठेवून दाखवलं.

पुन्हा बैठक, आणि या वेळी घड्याळ लावून

आता सलग दीड तास हेडफोन काढायचा नाही. दहाव्या मिनिटाला, तिसाव्याला आणि नव्वदाव्याला थांबून काय वाटतं ते कागदावर लिहा. लिहिणं महत्त्वाचं, कारण दुखणं हळूहळू चढतं आणि आपण नकळत हेडफोन सरकवत राहतो. किती वेळा सरकवला तेही मांडा. मी दीड तासात तीनपेक्षा जास्त वेळा सरकवला तर तो हेडफोन परत जातो.

गरम होणं सहन होतं. खाज सुटली तर गादी बदलून भागतं. दाबल्याचा ठणका मात्र सवयीनं जात नाही, त्यासाठी मन वळवू नका. बंद गाद्यांची परीक्षा एप्रिलच्या दुपारी, पंखा बंद ठेवून घेतली तर सगळ्यात प्रामाणिक उत्तर मिळतं.

मग बाहेर पडा. घरात तुम्हाला पुरणारा व्हॉल्यूम बघून ठेवा आणि दाभोळकर कॉर्नरसारख्या चौकात उभं राहून तेच बोलणं नीट कळायला किती पायऱ्या वाढवाव्या लागतात ते मोजा. दोन पायऱ्या ठीक. पाच वाढवाव्या लागत असतील तर हा हेडफोन रस्त्यासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल आणि मुलांसाठी 75 डेसिबल अशी आहे. त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 83 ला वीस तास, 86 ला दहा. चौकातल्या गोंगाटावर मात करायला चढवलेला आवाज या मर्यादेत राहत नाही. गाडी चालवताना तर हेडफोन नकोच.

गळती तपासायला शेजारी कुणाला तरी बसवा. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्री अकराला तुमचं गाणं समोरच्या बर्थला ऐकू गेलं, तर सांगायला कोणी येणार नाही, फक्त कूस बदलली जाईल. उघडा हेडफोन रात्रीच्या गाडीत घालूच नये असं माझं मत आहे.

वायर असेल तर चालताना ती पदराला, दुपट्ट्याला घासते आणि तो खरखराट थेट कानात येतो. नखानं वायरवर टिचकी मारून बघा. ब्लूटूथ असेल तर दोन गोष्टी. फोनवर बोलताना माइक चालू झाला की ऐकण्याचा दर्जाही उतरतो. तो दोष नाही, पद्धतच तशी आहे. आणि रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केलं की काही हेडफोन झोपेतून उठल्यासारखे पहिलं अक्षर गिळतात. गाण्याला ते चालतं. माझ्यासारखं सारखं थांबवत लिहिणाऱ्याला ते भयंकर आहे: 'नाही' मधला 'ना' गेला तर उरतं काय? म्हणून कामाला मी वायरचाच वापरते.

गाद्या

घेण्याआधी एक गोष्ट विचारा: गाद्या वेगळ्या मिळतात का? कृत्रिम चामडं घामानं आणि दमट हवेनं सोलतं, आणि आपला पावसाळा लांबलचक असतो. स्पंज काही वर्षांनी भुगा होऊन कानात काळे कण पडायला लागतात. स्पंजच्या गाद्या स्वस्त आहेत. फक्त वाटीचा व्यास मोजून न्या, पाच आणि साडेपाच सेंटिमीटरमध्ये गल्लत झाली की गादी सुटते. चामड्याच्या गाद्या जाडीत फरक असलेल्या घेतल्या तर आवाजही बदलतो, कारण कान आणि ड्रायव्हर यांच्यातलं अंतर बदलतं. शक्यतो मूळ जाडीचीच घ्या. स्पंज महिन्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा, पिळू नका, दोन पंच्यांमध्ये दाबून सावलीत वाळवा. जुलैत वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून एक जोडी जादा ठेवा.

परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते पावतीवर आधीच बघा आणि दीड तासाची परीक्षा पहिल्याच दोन दिवसांत उरका. खोकं, वायरची गुंडाळी, वरची पातळ पिशवी, सगळं तोवर जपून ठेवा.